बाहेर जाणारे हात

शिडीच्या वरच्या पायरीवर तोल सांभाळत भैय्यालाल पेंटरनं दारावरच्या भिंतीवर हिरवा बाण ओढला, ब्रश दातांत धरला आणि मान मागं टाकून स्वतःचं काम न्याहाळलं. ‘बाहेर जाण्याचा मार्ग’. अक्षरं टपोरी, दाण्यासारखी भरलेली. नाटकांचे पडदे रंगवणारा हात तो; केशोरी गावच्या समाजभवनाची ही भिंत त्याला रुमालाएवढी वाटली.

“दिसते का जी, रुख्माबाई?”

रुख्मा खाली फरशीवर होती. लहानपणीच्या पोलिओनं पाय गेलेले. ती तळहातांवर भार देत सरकायची. फरशीवरच हातमशीन मांडून इथं चौदा बायकांना शिवण शिकवायची. तपासणीला आलेले साहेब मागच्या आठवड्यात बजावून गेले होते : आगीच्या वेळी खूण पाहून प्रत्येकाला स्वतःहून बाहेर पडता आलं पाहिजे; या बाईंना जमलं नाही, तर वर्ग इथं चालणार नाही. आज दुपारी ते पुन्हा येणार होते.

“कुठी दिसते?” रुख्मा म्हणाली. “मले त टेबलंच दिसून राहिले.”

“वर पाहा ना.”

“तुमीच खाली येऊन पाहा, भाऊ.”

भैय्यालाल हसत उतरला, तिच्याशेजारी मांडी घालून बसला, आणि हसू ओसरलं. टेबलांच्या कडा, लोंबणारी कापडं, मशिनींची लोखंडी पायदानं. त्याची टपोरी अक्षरं कुठंच नव्हती. लांब, दाराखालच्या फटीत उजेडाची एक बारीक रेघ तेवढी होती.

“मंग तुमी जाता कशा?”

“त्या रेघेवरून. पन धूर झाला त तेही दिसनार नाही. आन् धुरात तुमीबी असेच सरपटान, हो.” ती हसली. “खालीच लिहून द्या ना.”

“अक्षर पायाशी?” त्यानं दोन्ही कान पकडले. “विद्या हाय ते. लोकायचे पाय लागतीन.”

रुख्मानं तळहात उताणे करून त्याच्यापुढं धरले. घट्टे पडलेले, रेषांत धूळ बसलेली.

“तुमचे पाय जिथं, तिथं माहे हात राहतेत.”

भैय्यालाल त्या हातांकडं पाहत राहिला. मग त्यानं पांढऱ्या रंगाचा डबा उघडला. अक्षर नको, चित्र काढू. टेबलांमधल्या वाटेवर त्यानं पावलं काढायला घेतली. इवली, गोलसर, पाचपाच ठिपक्यांच्या बोटांची. दिवाळीला आईशेजारी बसून पिठानं गिरवलेली. हात आपोआप धावला.

ओमेश्वरी ही वर्गातली सगळ्यात लहान सून. तिनं तोंडाला पदर लावला.

“भाऊ, हे लक्ष्मी त आत येऊन राहिली!”

सगळी पावलं दारातून आत येत होती.

“साहेब म्हनन, आग लागली का इथंच येऊन बसा!” बायका खिदळल्या.

भैय्यालालनं ओशाळून घासलेटच्या चिंधीनं पावलं पुसली. उलटी काढायला वाकला, तसा हशा थांबला.

“लक्ष्मी बाहेर जाताना काढता काऊन?” कोणीतरी म्हणालं. “आमी नाही पाहू तिकडं.”

ब्रश हवेतच राहिला. रुख्मानं ताटलीत रंग ओतून घेतला, दोन्ही तळवे त्यात बुडवले, आणि रोज जायची तशी दाराकडं निघाली. मागं हात उमटत गेले. डावा, उजवा, डावा. बोटं उंबऱ्याकडं.

साहेब आले तेव्हा रंग ओलाच होता.

“हे काय? खूण वर असते.”

“वर हाय ना जी,” भैय्यालाल म्हणाला. “हे खालची.”

“बसून पाहा, साहेब,” रुख्मा म्हणाली.

साहेबांनी इस्त्रीच्या पँटकडं पाहिलं, पाहणाऱ्या बायकांकडं पाहिलं. मग गुडघ्यांवर टेकले. ओमेश्वरीनं उठून दार-खिडक्या लावल्या, दिवा मालवला. दाराखालच्या रेघेच्या उजेडात पांढरे ठसे तेवढे अंधुक दिसत होते. मग फरशीवर हात टेकल्याचा आवाज आला. एक, आणखी एक. टेबलांमधून हळूहळू दाराकडं जाणारा.

दार बाहेर ढकललं गेलं. उजेडात साहेब उंबऱ्यावर ओणवेच होते.

“अंधारात चमकणारा रंग मिळतो का?” त्यांनी तिथूनच विचारलं.

“गोंदियाले मिळते.”

“तो आणा. ठसे हेच ठेवा.”

त्यांनी फाईल मागितली. सहीशेजारी कागदावर एक पांढरं बोट उमटलं. त्यांनी ते पुसलं नाही.

आत हातमशीनचं चाक फिरू लागलं होतं.