करंगळीएवढी जागा

गाडी टो करून आणली त्याला वीस दिवस झाले होते आणि मास्तरांनी तिच्यावरचं कापड एकदाही काढलं नव्हतं. वर्कशॉपच्या मागच्या भिंतीपाशी ती उभी होती. दोन माणसांची, लाल, ठेंगणी गाडी. पान्यांच्या कपाटाकडे जायचं तर तिला वळसा घालावा लागे. मास्तर जाताना समोरच्या भिंतीकडे, गाडीकडे पाठ करून बघत जात.

मास्तर म्हणजे शॉकअप मास्तर. पंचवीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. इंजिनाचं काम घेऊन कोणी आलं की ते सरळ समोरच्या गॅरेजकडे बोट दाखवत. गाडी दारातून आत येताना कशी दबते आणि कशी उठते एवढं बघून कुठल्या कोपऱ्याचा शॉकअप गेलाय ते सांगत, आणि सहसा चुकत नसत. सहा फूट उंची, पन्नाशी उलटलेली, बोलणं मोजकं. घरात मात्र त्यांना अजून छोटू म्हणत, कारण सात वर्षांनी मोठी एक ताई होती. ताईने शाळेत गणित शिकवण्यात जन्म घालवला होता. "शिकवलं मी आणि मास्तर झाला हा," असं ती आल्यागेल्याला सांगायची.

लाल गाडी ताईच्या नवऱ्याची. भाऊजी दाताचे डॉक्टर. साठीनंतर त्यांनी दवाखान्याची वेळ निम्मी केली आणि हौसेने ही गाडी घेतली. मास्तरांकडे आणली तेव्हा त्यांची मागणी एकच होती.

"वळणावर ती जरासुद्धा कलता कामा नये."

"रस्त्यावरच्या गाडीला थोडं कलू द्यावं भाऊजी," मास्तर म्हणाले होते.

"कशाला? तू आहेस ना."

या 'तू आहेस ना'ने घात केला. भाऊजींना नाही म्हणणं मास्तरांच्या जिवावर आलं, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही मोह झाला. इतकी हलकी, इतकी नेटकी गाडी हाताखाली रोज येत नाही. त्यांनी कडक स्प्रिंगा टाकल्या, गाडी चांगली दोन बोटं खाली बसवली, शॉकअप आवळले. हौशी लोकांना शर्यतीच्या ट्रॅकवर एक दिवस गाडी पळवायला मिळते, तिथे भाऊजी गेले. ट्रॅक आरशासारखा. गाडी रुळावरून जावी तशी वळली. भाऊजी खूश, मास्तर त्याहून खूश. साध्या रस्त्यावर मात्र बारीक खडासुद्धा थेट पाठीच्या कण्यापर्यंत पोचायचा. ताई म्हणाली, "या गाडीतून उतरलं की दात मोजून घ्यावे लागतात. बरं झालं, डॉक्टर घरातलाच आहे."

आणि मग त्या रविवारी भाऊजींचा फोन आला होता. डोंगराच्या रस्त्यावर, तिसऱ्या वळणाला, गाडीचं मागचं अंग अचानक बाहेर फेकलं गेलं. गाडी फिरली आणि कडेच्या मातीच्या बांधाला जाऊन टेकली. दरी दुसऱ्या बाजूला होती.

"मीच चालवत होतो," भाऊजी म्हणाले. "तुझ्या ताईला खरचटलंसुद्धा नाही. माझं मनगट गेलंय, बाकी काही नाही."

"कुठलं मनगट?"

"उजवं."

दाताच्या डॉक्टरचा उजवा हात. मास्तर हॉस्पिटलमध्ये एकदा भेटायला गेले, तेव्हा भाऊजी एकटेच होते आणि दोघंही हवापाण्याच्या गप्पा मारत बसले. भाऊजींनी गाडीबद्दल चकार शब्द काढला नाही. मास्तरांनीही नाही.

त्याहून वाईट म्हणजे ताईचा फोन बंद झाला. एरवी एक दिवसाआड तिचा फोन यायचा, काम असो नसो. गेल्या वीस दिवसांत एकही नाही. मास्तरांनी याचा सरळ अर्थ लावला. ताई गणिताची बाई. तिने दोन आणि दोन केले असणार. आपल्या भावाने गाडी बिघडवली आणि आपला नवरा मरता मरता वाचला, हे तिला कळलेलं होतं आणि ते तोंडाने बोलायची तिची तयारी नव्हती.

एकविसाव्या दिवशी सकाळी मास्तरांनी दार अर्धं ओढून घेतलं आणि कापड काढलं.

पुढचा एक दिवा फुटलेला, बंपर चेपलेला, चाकांच्या आत वाळकी माती. गाडी लिफ्टवर घ्यायला ते आत बसायला गेले तर गुडघे स्टिअरिंगला अडकले. सीट पार पुढे होती. टोवाल्याने ओढली असेल म्हणून त्यांनी ती मागे सारली आणि कामाला लागले.

मागचं, त्या वळणात बाहेरच्या बाजूला आलेलं चाक काढल्यावर फार शोधावं लागलं नाही. शॉकअपच्या दांड्यावर एक रबरी गुट्टा असतो. चाक फार वर आलं तर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून. तो गुट्टा मधोमध चिरला होता आणि चेपून पापडासारखा झाला होता. मास्तर स्टुलावर बसून त्याच्याकडे बघत राहिले. त्यांना सगळं समोर घडल्यासारखं दिसलं. गाडी इतकी खाली बसवल्यावर गुट्ट्याच्या खाली जेमतेम करंगळीएवढी जागा उरली होती. वळणावर भार बाहेरच्या चाकावर आला, ती जागा तिथेच संपली. आणि नेमका त्याच वेळी रस्त्यात उंचवटा आला. चाकाला वर जायला जागाच नव्हती, म्हणून चाकाऐवजी गाडीच उडाली. हवेतलं चाक रस्ता कसा धरणार?

ट्रॅकवर उंचवटे नव्हते. रस्त्यावर असतात. हे त्यांना पंचवीस वर्षं माहीत होतं.

हात धुऊन, तो गुट्टा खिशात टाकून ते भर दुपारी ताईकडे गेले.

दार ताईनेच उघडलं. मास्तरांना बघून तिचा चेहरा उतरला. आत भाऊजी प्लास्टरचा हात उशीवर ठेवून डाव्या हाताने शब्दकोडं सोडवत होते.

"बस," ताई म्हणाली. "चहा टाकते."

"चहा नको. मला आधी एक सांगायचंय." मास्तरांनी गुट्टा काढून टेबलावर ठेवला. "गाडी माझ्यामुळे गेली. भाऊजी, तुमची काही चूक नव्हती. मी ती ट्रॅकसाठी बांधली आणि रस्त्यावर सोडली. तुम्ही मागितलं तरी मी नाही म्हणायला हवं होतं. ते माझं काम होतं. तुमच्या हाताला मी जबाबदार आहे. ताई, तू माझ्याशी बोलत नाहीस ते बरोबरच आहे."

एवढं लांबलचक मास्तर वर्षभरात बोलले नव्हते. भाऊजींनी ताईकडे पाहिलं. ताईने गुट्टा उचलून चिरेवर बोट फिरवलं.

"हे कशाने झालं म्हणालास?"

मास्तरांनी सांगितलं. करंगळी दाखवून सांगितलं, टेबलावर बशी उलटी ठेवून तिला उंचवटा करून सांगितलं. ताईने दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. मग ती हळूच खुर्चीत बसली.

"म्हणजे माझे डोळे नव्हेत," ती म्हणाली.

"तुझे डोळे?"

"सांगून टाक आता," भाऊजी म्हणाले. "आता काय लपवायचं राहिलंय?"

गाडी ताई चालवत होती. त्या रविवारीच नाही, गेले सहा महिने. भाऊजींना गाडी पुसायला आणि लोकांना दाखवायला आवडायची. चालवायचं वेड लागलं ते ताईला. दर रविवारी सकाळी ती डोंगराचा रस्ता वरपर्यंत चढायची आणि भाऊजी शेजारी बसून दाताखाली जीभ येणार नाही याची काळजी घ्यायचे. वर्षाच्या सुरुवातीला तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. परदेशातल्या मुलाने तेव्हाच बजावलं होतं, आई, आता गाडी चालवणं बंद. तिने हो म्हटलं होतं आणि पाळलं नव्हतं.

"मला वाटलं, उंचवटा मला दिसलाच नाही," ताई म्हणाली. "वाटलं, संपलं आपलं. नजर गेली, हात गेले. आणि वर यांचा हात मोडला मी. हे म्हणाले, मी चालवत होतो म्हणून सांगू. मी गप्प बसले. तुला फोन कुठल्या तोंडाने करणार? तू गाडी बघितलीस की तुला सगळं कळतं."

"मला काहीच कळलं नाही," मास्तर म्हणाले. मग त्यांना सीट आठवली आणि ते खुर्चीत मागे टेकले. "सीट पुढे होती. मी ती टोवाल्याच्या नावावर टाकली."

भाऊजी हसायला लागले. हसताना हात दुखायला लागला म्हणून थांबले, आणि परत हसले. ताईने पदराने डोळे टिपले. ती हसत होती की रडत होती ते मास्तरांना सांगता आलं नसतं, पण छातीवरून धोंडा उतरल्यासारखं वाटलं ते त्यांचं त्यांना पक्कं कळलं.

"वेग किती होता?" त्यांनी विचारलं.

"साठ."

"खरं सांग."

"बासष्ट."

"बासष्टला ते वळण गाडीला कळतासुद्धा कामा नये," मास्तर म्हणाले. "चहा टाक आता."

त्या आठवड्यात त्यांनी दुसरं काम घेतलं नाही. कडक स्प्रिंगा काढून नरम टाकल्या. गाडी दीड बोट वर उचलली. गुट्टे आखूड आणि मऊ बसवले. शॉकअपला कामं दोन असतात, दबणं आणि परत येणं. परत येण्याचा जोर त्यांनी शॉकअपचा स्क्रू सहा टिक फिरवून सैल केला, म्हणजे एका खड्ड्यातून चाक सावरून खाली आलं की मगच दुसरा खड्डा यावा. टायरमधली हवासुद्धा थोडी कमी केली.

शेवटी चारही चाकांखाली वजनकाटे लावायची वेळ आली. प्रत्येक कोपऱ्यावर किती भार येतो ते बघायला चालवणारा माणूस आत बसलेला लागतो. मागच्या वेळी त्यांनी भाऊजींच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या सीटवर ठेवल्या होत्या. या वेळी ताईला बोलावलं. ती पर्ससकट येऊन बसली, सीट पार पुढे ओढली आणि म्हणाली, "आकडा मोठ्याने वाचायचा नाही."

"वजाबाकी तूच करून घे मग."

"छोटू, काम कर."

रविवारी सकाळी दोघं निघाले. मास्तरांनी मागच्या शॉकअपच्या दांड्यावर प्लास्टिकची एक बारीक पट्टी बांधून ठेवली होती. शॉकअप जितका दबेल तितकी ती वर सरकणार आणि तिथेच राहणार. स्टिअरिंग ताईने इतकं घट्ट धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली होती. पहिलं वळण तिने तीसने घेतलं. दुसरं चाळीसने.

"कलतेय," ती म्हणाली.

"कलू दे. किती कलतेय ते तुला कळतंय ना?"

"कळतंय." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आधी काहीच कळायचं नाही. एकदम व्हायचं सगळं."

तिसऱ्या वळणाआधी तिने कडेला गाडी थांबवली आणि दोघं पायी जाऊन उंचवटा बघून आले. झाडाच्या मुळाने डांबर वर उचललं होतं, टाचेएवढं. बांधावर अजून चाकांच्या खुणा होत्या. ताई तिथे जरा वेळ उभी राहिली. "मला दिसतोय," ती म्हणाली. "लांबूनसुद्धा दिसतोय."

परत येऊन बसली आणि पहिल्यांदा पन्नासने गेली. गाडी कलली, उंचवट्यावर मागच्या चाकाने एक मऊ धप्प आवाज केला, आणि वळण संपलं. ताईने पुढे जाऊन गाडी वळवली, खाली आली आणि पुन्हा चढली. या वेळी साठने. धप्प, आणि वळण संपलं. मास्तरांनी गाडी थांबवायला लावली, रस्त्यावर आडवे होऊन चाकाच्या आत पाहिलं. पट्टी आणि गुट्टा यांच्यामध्ये अंगठाभर जागा शिल्लक होती. ते तसेच पडून राहिले.

"काय झालं?" ताईने खिडकीतून विचारलं. "उठत का नाहीस?"

"काही नाही. बरं वाटतंय."

मग ती चालवत राहिली. वरपर्यंत, आणि वरून पलीकडच्या बाजूने खाली. तिचा हात सैल झाला होता. ती बोलायलाही लागली. वीस दिवसांचं साठलेलं बोलणं होतं. भाऊजींचं प्लास्टर पुढच्या गुरुवारी निघणार, हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलंय की बोटं पहिल्यासारखी चालतील. मुलालाही तिने सगळं खरं सांगून टाकलंय, तो आधी चिडला आणि मग त्याने गाडीचा फोटो मागितला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही परत जाऊन आली, नजर स्वच्छ आहे.

कुठल्याशा वाक्यावर तिला हुंकार मिळाला नाही म्हणून तिने शेजारी पाहिलं. मास्तरांची मान दाराकडे कलली होती आणि तोंड किंचित उघडं होतं. रस्ता तसाच खडबडीत होता, वळणामागून वळणं येत होती.

खाली पोचल्यावर एका झाडाच्या सावलीत गाडी उभी करून तिने घरी फोन लावला.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "आम्हाला यायला वेळ लागेल. तुमचा मेव्हणा गाडीत झोपलाय. घोरतोय चक्क." पलीकडून भाऊजी काहीतरी म्हणाले. "नाही, नाही उठवत," ती म्हणाली, "अजून एक चक्कर मारून येते."