कानस घसरेपर्यंत

मित्रांनो, माझी मूठ दोनदा बदलली, पाते झिजून अर्धे उरले. तरी टोंगातल्या वावाऊ बेटावर केवड्याची पाने आजही मीच कापते. जन्मल्या दिवशीच मला भंगारात टाकायची वेळ आली होती, हे आता कुणाला खरे वाटणार नाही.

मोडक्या ट्रकच्या कमानपाट्यातून सेमिसी लोहाराने आम्हा दोघी बहिणींना घडवले. त्याच्या थोरल्या बहिणीला, लुपेला, लेकीच्या लग्नाची चटई विणायची होती. त्यासाठी केवड्याची पाने चिरायला सुरी हवी होती. आमच्याकडे बहिणीचा शब्द भावाला मोडता येत नाही, आणि तिच्या हातात बोथट वस्तू ठेवणे तर नकाराहून वाईट.

पोलाद लाल तापवून एकदम निववले की कडक होते. लोहार याला पाणी देणे म्हणतात, पण सेमिसी देत असे खोबरेल तेल. उन्हाळ्यात त्याच तेलाने त्याचे कोयते उत्तम निघाले होते. आमच्याकडे थंडी जुलैत पडते. त्या गार सकाळी आम्ही दोघी तेलातून मऊच निघालो. कडक पात्यावरून कानस घसरते. आम्हाला ती खात सुटली.

चिडून त्याने माझ्या बहिणीला पुन्हा तापवले आणि समुद्राच्या पाण्यात बुडवले. टणकन आवाज झाला. ती धारेपासून पाठीपर्यंत तडकली. उरले मी एकटी, आणि पाटा संपला होता.

त्याची बायको आकानेसी दारातून म्हणाली, "वन्सं उद्या यायच्यात. त्यांना काय, तुकडे देणार?"

"तू गप बस गं."

"बसते की. त्या आल्यावर तूच बोल मग."

सेमिसीने राग गिळला आणि एकेक कारण तपासायला घेतले. आच कमी पडली? त्याने मला लाल करून चुंबक लावले. पुरेसे तापलेले पोलाद चुंबकाला धरत नाही. ते चिकटले नाही, म्हणजे आच पुरेशी होती. तेलात बुडवले, पुन्हा मऊ. वरचा थर भट्टीत जळाला असेल? खोल कानसून पाहिले, आतही तेच. पोलाद हलके? मग बहीण वाकली असती, तडकली नसती. त्याने तिचे तुकडे बाजूला सारले आणि पुन्हा भाता ओढला.

इतक्यात आकानेसी केसांच्या तेलाची बाटली घेऊन भट्टीशी आली. "मेलं दगड झालंय. शेकल्याशिवाय थेंब निघेना."

सेमिसीने भाता सोडला. मग त्याने आपल्या तेलाच्या डब्यात बोट घातले. तेल लापशीसारखे घट्ट!

"अगं, हेच! थिजलेलं तेल जागचं हलत नाही, पात्याची उष्णता ओढणार कुठून?"

"म्हणजे मी शिकवलं म्हण."

"म्हणतो, म्हणतो. आधी ती बाटली उचल, मला डबा ठेवू दे."

तेल बोटाला चटका बसण्याइतके गरम झाले. मला लाल केले, बुडवले, आतल्या आत वरखाली हलवले. त्याने श्वास रोखून कानस लावली. ती काचेवरून सरकावी तशी घसरली! मग मी बहिणीसारखी तडकू नये म्हणून त्याने मला मंद आचेवर वाळल्या गवतासारखा पिवळा रंग चढेपर्यंत शेकले.

दुसऱ्या दिवशी लुपेने एक पान उभे चिरले. भाऊ नजर खाली घालून उभा होता.

"चालेल," ती म्हणाली. मागे आकानेसी तोंड दाबून हसली.

पुढे बाजारची चकचकीत सुरी आली आणि मी छपरात खोचलेली गंजत पडले. ती वाकली, तेव्हा लुपेच्या लेकीने मला पुन्हा उतरवले.

मित्रांनो, खाऱ्या वाऱ्यात मला ओली टाकू नका. पुसून खोबरेलाचे बोट फिरवा. आणि तुमच्या हातचे एखादे पाते मऊ निघाले, तर ते फेकण्याआधी तेलात बोट घालून बघा.