वर्नेलची किरकिर

मित्रांनो, मी भिंतीत बसवलेला एक जुना पंखा आहे. आतली वाफ बाहेर टाकायची, एवढेच माझे काम. अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या एका गावी इस्पितळाच्या चादरी धुणारी लॉन्ड्री आहे, तिथेच माझा सगळा जन्म गेला. आता थकलो आहे, म्हणून थोडक्यात सांगतो.

मी आलो तेव्हा माझी पाती निळी होती. पहिले मालक म्हातारे होते. दर सोमवारी ते स्वतः शिडीवर चढून मला तेल घालत. इस्त्रीच्या मोठ्या रुळांपाशी उभ्या असलेल्या बायका म्हणत, "हा आहे म्हणून आम्ही उभ्या आहोत." मला फार बरे वाटे. पुढे मालक वारले आणि त्यांचे भाचे प्रुइट साहेब कारभार बघू लागले. तेल बंद झाले. पात्यांवर चादरींचे बारीक तंतू साचत गेले आणि एका उन्हाळ्यात मी कण्हत कण्हत बंद पडलो.

माझ्याखाली वर्नेल काम करायची. पन्नाशीची, अंगाने भरलेली, हसरी बाई. वाफ कोंडू लागली तशी ती रोज साहेबांना गाठू लागली.

"साहेब, पंखा तेवढा बघा हो. जीव घाबरा होतो."

"उन्हाळ्यात गरम व्हायचंच. तुला काय महाराणीसारखा वारा घालत बसू?"

एक दिवस ती रुळापाशीच चक्कर येऊन पडली. ओडेसा या तिच्या मैत्रिणीने तोंडावर पाणी मारले. शुद्धीवर आल्यावर वर्नेलने एप्रन सोडला आणि ती जी गेली ती परत आली नाही. मला माझीच लाज वाटली.

आमच्याकडे काम सुटले की सरकार काही आठवडे भत्ता देते. पण काम आपणहून सोडले असेल तर कारण तसेच भक्कम लागते, आणि आधी मालकाला सांगून पाहिलेले असावे लागते. वर्नेलला या वयात नवे काम मिळत नव्हते. भत्ता नाकारला तर घर सोडावे लागणार होते.

तिच्या अर्जाची सुनावणी फोनवर झाली. माणसे कमी असल्याने साहेब स्वतःही कामाला लागले होते, म्हणून त्यांनी फोन घड्या घालायच्या टेबलावरच ठेवला आणि त्याचा आवाज मोठा केला.

"वर्नेलबाई, तुम्ही मालकांना सांगितलं होतं?" अधिकारी बाईंनी विचारले.

"रोज सांगत होते, मॅडम. लेखी काही नाही."

"कोणी ऐकलंय?"

ओडेसा चादरीची घडी घालत खाली मान घालून उभी राहिली. साहेब समोर होते, घरी तिची मुले होती. मी तिला दोष देत नाही.

"प्रुइट साहेब, तुमचं काय म्हणणं?"

साहेबांनी "ती काही बोललीच नाही" एवढेच म्हटले असते तर वर्नेल संपली असती. पण तिला नावे ठेवल्याशिवाय त्यांना राहवेना.

"मॅडम, ही बाई म्हणजे नुसती डोकेदुखी! सकाळी आली की किरकिर सुरू. पंखा बंद आहे, पंखा दुरुस्त करा, जीव घाबरा होतो. कान किटले माझे!"

"रोज म्हणायची?"

"रोज! विचारा कोणालाही."

"मग तुम्ही काय केलंत?"

साहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. ओडेसाने चादरीत तोंड लपवले. तिचे खांदे हलत होते, पण ती रडत नव्हती.

वर्नेलला भत्ता मिळाला, घरही राहिले. मी मात्र अजून बंदच आहे. तिच्या जागी आता एक कोवळी मुलगी उभी असते. घामाने निथळते, पण हूं की चूं करत नाही. गुणाची पोर म्हणून साहेब तिचे कौतुक करतात.

मित्रांनो, यंत्रांना तेल घाला, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझे मागणे वेगळे आहे. ती मुलगी कुठे भेटली तर तिला माझा निरोप द्या: पोरी, किरकिर कर. आजच कर, साहेबांच्या तोंडावर कर, आणि चार जणींना ऐकू जाईल अशी कर.