हरिचंद्र आणि कंपनी

टेम्पो घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी विठाने पेंटर बोलावला. अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात तिच्या नवऱ्याने बावीस वर्षं हेल्परकी केली. २००५ साली कारखान्याने माणसं काढली, तेव्हा गेटवरच्या यादीत त्याचं नाव पहिल्यांदा लागलं, तेही चुकीचं लिहिलेलं. म्हणून हिशेबाच्या पैशातून घेतलेल्या टेम्पोवर आता नाव मोठं हवं होतं.

"नुसतं हरिचंद्र भुंडं दिसतंय," ती म्हणाली.

"मग 'आणि कंपनी' टाकू? शोभतं," पेंटर म्हणाला.

"कंपनीत कोण कोण?" हरिचंद्रने विचारलं.

"तुम्ही आणि मी. तुम्ही चालवा, मी शेजारी बसून हुकूम सोडते."

ब्रेक पहिल्याच महिन्यात दगा द्यायला लागला. पेडल दाबलं की पाय थेट तळाला. उल्हासनगरच्या शोरूमला पाच फेऱ्या झाल्या. "साईं, नवी गाडी आहे, सेट व्हायला टाइम लागतो," म्हणत सिंधी शोरूमवाला कागद पुढे सरकवायचा. 'काम समाधानकारक' याखाली सही केल्याशिवाय चावी मिळायची नाही. हरिचंद्र करायचा सही. सहाव्या फेरीची वेळच आली नाही. शिरगावच्या उतारावर टेम्पो थांबला नाही, भिंतीवर गेला. हरिचंद्रला खरचटलंसुद्धा नाही. विठाचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

ठाण्याच्या ग्राहक मंचात केस टाकली. वकीलबाईंनी जीव तोडून काम केलं. ब्रेकचा सिलिंडर मुळातच सदोष होता, असा मेकॅनिकचा रिपोर्टही लावला.

"पोटासाठी स्वतः गाडी चालवणारा ग्राहक असतो, धंद्यासाठी घेणारी कंपनी नसते," त्यांनी बजावलं. "विचारलं तर एवढंच सांगायचं, पोटासाठी चालवतो. पाठ करा."

त्याने पाठ केलं. दोन वर्षं तारखा पडल्या, दोन वर्षं तो तेवढं एक वाक्य घोकत राहिला.

शोरूमच्या वकिलाने ब्रेकचं नावही काढलं नाही. टेम्पोवरच्या नावाचा एक फोटो तेवढा टेबलावर ठेवला.

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "ही कंपनी आपली आहे?"

आपली! जन्मात त्याला कुणी साहेबाने 'आपली' म्हणून विचारलं नव्हतं. हरिचंद्रची मान ताठ झाली.

"हो साहेब. माझीच."

वकीलबाईंनी डोळे मिटले.

"कामाला माणसं?"

"मिसेस होती साहेब. आता घरी बसते."

निकाल दीड पानाचा. खरेदी धंद्यासाठी, तक्रारदार ग्राहक नाही, तक्रार फेटाळली. ब्रेकवर एक ओळ नाही. पायावर अर्धी नाही.

"अपील करता येईल," वकीलबाई म्हणाल्या, "पण तुमच्या तोंडचं नोंदवून घेतलंय त्यांनी."

घरी विठा दारात कुबडी धरून उभी होती.

"आपली कंपनी आहे म्हणून ग्राहक नाही म्हणाले," त्याने सांगितलं.

ती हसलीच. "कसली कंपनी? अहो, सांगायचं ना तुम्ही!"

हरिचंद्रने चपला काढून भिंतीला लावल्या.

"काय बोललात तिथं?"

"हो म्हणालो."

तिचं हसू तोंडावरच वाळलं. "पाय गेला तेव्हा शोरूमवाल्याला शिव्या घातल्या मी. आता कुणाला घालू?"

चेपलेला टेम्पो चाळीपुढे दोन वर्षं गंजत होता. हरिचंद्रने रॉकेल आणि चिंधी घेतली आणि नावातला शेवटचा शब्द, 'कंपनी', घासायला लागला.

"तिकडून नको," विठा दारातून म्हणाली. "आधी हरिचंद्र पुसा."