चुडामण आबांच्या नोंदी

माझा प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर पुन्हा अडकला. मेमरी संपली आणि पडदा गप्प झाला. जळगावच्या चैत्रात कूलरसमोर बसूनही मला घाम फुटला.

"सुनंदाबाई, विहिरींच्या पाण्याची नुसती सरासरी टाका आणि मोकळ्या व्हा," साहेब म्हणाले. "संध्याकाळच्या गाडीने आबांबरोबर फ्लॉपी पिंपळनेरच्या ऑफिसला जायचीय."

शेजारच्या खुर्चीत चुडामण आबा होते. सत्तावीस वर्षं एकशे वीस विहिरी त्यांनी वर्षातून चारदा मोजल्या. आधी टाळी वाजवून पारवे उडवायचे, मग खडू फासलेली टेप आत सोडायची. खडू भिजला तिथवर पाणी. टंचाईच्या एका साली वरून दबाव आला तरी त्यांनी आकडा बदलला नाही, म्हणून सत्ताविसाव्या वर्षी बदली झाली. नोंदवह्या पुढे वाळवीने खाल्ल्या. मी टाइप केलेले तेरा हजार आकडे तेवढे उरले होते. ते सरासरीत बुडवायचे, हे मला सहन होईना.

वेगळी फाइल दिली तर कोणीही उघडून बदलणार. म्हणून आकडे यादी करून प्रोग्रॅमच्या पोटातच घातले होते, आणि त्या यादीनेच कंपायलर अडकत होता. आमची प्रोग्रॅम लिहायची भाषा गणिती वळणाची. तिच्यात एकदा ठरलेली किंमत बदलत नाही.

"मंग ते कोणलेबी खोडता येस नही ना?" आबांनी सकाळीच विचारून घेतलं होतं, आणि स्वारी भलतीच खूश झाली होती.

साहेब जेवायला गेले. मला डुलकी लागली. कंपायलर तेरा हजार वेळा विहिरीत वाकून बघत होता, दमत होता, आणि खोल कुठेतरी पारवे फडफडत होते. जागी झाले तेव्हा युक्ती सुचली होती. यादीतला आकडा न् आकडा त्याला तपासायला द्यायचाच कशाला? प्रत्येकाची दोन अक्षरं करून सगळ्यांची एकच लांबलचक ओळ दिली, तर तो आत न डोकावता ती उचलून नेईल.

ओळ जुळवली, तर दोन अक्षरं कमी भरली.

"आबा, भागाबाईंच्या विहिरीची एका दिवसाची नोंद नाही. पुढचे सगळे आकडे सरकतील. अंदाजाने टाकू?"

"नही माय. त्या दिन मी गऊच नही." आबा खिडकीकडे बघत म्हणाले, "रुक्मा गयी ना त्या दिन."

रुक्माबाई म्हणजे त्यांची बायको. मी तिथे दोन कोऱ्या जागा सोडल्या.

"ते रिकामं बी संगे जाई का?"

"जसंच्या तसं, आबा."

कंपायलर अर्ध्या मिनिटात मोकळा झाला. आबांनी फ्लॉपी दोन्ही हातांनी घेतली आणि गाडीची वेळ होईपर्यंत मांडीवर धरून बसून राहिले.