अशोकचा पाट

शैलाची ट्रंक भरून झाली होती, पण झाकण काही बसेना. डॉक्टरीची जाडजूड पुस्तकं, आईसाठी एस्प्लनेडला घासाघीस करून घेतलेल्या तांताच्या सुती साड्या, आणि त्यावर प्रेमलताकाकूंनी कोंबलेला चिवड्याचा डबा. शेवटी काकूंची लेक प्रतिभा ट्रंकेवर बसली तेव्हा कुठे कडी लागली.

उद्या संध्याकाळी हावड्याहून मुंबईची गाडी, तिथून विमान, की आलंच मॉरिशस. स्कॉलरशिपवर ती कलकत्त्याला आली तेव्हा तिचं मराठी म्हणजे पणजोबांनी बोटीतून नेलेलं आणि वापरून वापरून झिजलेलं भांडं. भवानीपूरच्या या मराठी घरात तिला खोली मिळाली आणि त्या भांड्याला कल्हई झाली. आता घरी पोचली की गावातली पहिली डॉक्टरीण! पाय जमिनीवर ठरत नव्हते.

मधे एकच सकाळ आडवी आली होती. भाऊबीजेची.

तसं या गावात भाऊ जोडताना शैलाने कधी हात आखडता घेतला नव्हता. कोपऱ्यावरचा पानवाला सुबलदा, वॉर्डातला कंपाउंडर निमाईदा. काकूंचा धाकटा श्रीकांत तर घरचाच. एकदा बागबाजारला मैत्रिणीकडे, शारदाकडे भाईफोट्याला, म्हणजे बंगाली भाऊबीजेला गेली, ती तिच्या झाडून साऱ्या भावांच्या कपाळी चंदनाचं बोट टेकवून आली. काकूंचा थोरला अशोक तेवढा दादा व्हायचा राहिला. त्याला ती नुसतं ‘अहो’ म्हणायची. भाऊबीज आली की कधी तिला नेमका ताप भरे, कधी वॉर्डात ड्यूटी लागे, कधी बागबाजार निघे.

अशोकही तसा पोचलेलाच. साखर कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. इतक्या वर्षांत शैलाशी उसाखेरीज दुसरा विषय त्याने काढला नव्हता. तुमच्या मॉरिशसला ऊसतोडणी कधी? रस किती गोड? लोडशेडिंग झालं की सगळे गच्चीवर वारा खायला जात, आणि हे दोघं कठड्याशी उभे राहून ऊस गाळत. प्रतिभा म्हणायची, “एवढ्या गप्पांत ढेपभर गूळ झाला असता!” ऊस संपून मनातलं कधी निघेल, याची शैला वाट पाहत राहिली. ती गोष्ट आधी त्याने काढावी, असा तिचा हट्ट. आणि आता तर गाडीच दारात आली.

“शैले, यंदा तुला सोडणार नाही हं,” दुसऱ्या दिवशी सकाळी काकू पाट मांडता मांडता म्हणाल्या. “परमुलखात जातेस. इथं तुला माहेर नको? श्रीकांत काय, उद्या बदलीच्या नोकरीत कुठेही जाईल. अशोकला ओवाळ, म्हणजे पाठीशी थोरला भाऊ झाला. नातं पक्कं!”

नातं पक्कं! शैला काकूंना चांगली ओळखून होती. काकू एकदा नातं बांधायला बसल्या की ते सुटायचं नाही. पुढच्या वर्षीपासून टपालाने ओवाळणी येत राहिली असती.

पाटावर श्रीकांत ऐसपैस, शेजारी अशोक टोपी तिरकी घालून, खाली मान घालून बसलेला. जणू फरशीतून ऊस उगवणार होता. प्रतिभाने दोघांना ओवाळलं आणि तबक शैलाच्या हाती दिलं. शैलाने श्रीकांतला ओवाळलं. मग अशोकसमोर आली. निरांजनाची ज्योत हलत होती, वारा तर नव्हता. अशोकने एकदाच वर पाहिलं, आणि त्या नजरेत ऊसबीस काही नव्हतं.

शैलाने तबक खाली ठेवलं.

“काकू, यांना मी ओवाळणार नाही.”

“अगं! काय केलं त्यानं?”

“काही केलं नाही. तेच तर!”

आरामखुर्चीतल्या श्यामरावकाकांच्या पेपरची सळसळ थांबली.

“म्हणजे काय गं?”

“यांना ओवाळायचा दिवस काल होता,” शैला म्हणाली. “काल हुकला. आता पुढच्या वर्षी.”

काकू बोटांवर दिवस मोजू लागल्या. आज भाऊबीज, काल... काल पाडवा. काल याच जागी, याच निरांजनाने त्यांनी श्यामरावांना ओवाळलं होतं. पाडव्याला ओवाळते ती बायको!

प्रतिभाने किंकाळी फोडली. श्रीकांत टोपीसकट उठून उभा राहिला. काकूंनी मटकन भिंतीचा आधार घेतला.

“आणि हे तू आज सांगतेस? काल श्रीखंड केलं होतं घरात!”

“ती ‘अहो’ म्हणायला लागली तेव्हापासून सांगतेय,” पेपरमागून श्यामराव म्हणाले. “तुला ऐकू येईना, त्याला ती काय करणार?”

“तुम्हाला ठाऊक होतं? आणि मला पाट मांडू दिलात?”

“म्हटलं, पाटावर बसवल्याशिवाय तुझं पोरगं बोलायचं नाही. तर तिथंही तीच बोलली!”

काकूंनी मोर्चा लेकाकडे वळवला. “आणि तू रे ठोंब्या? मूग गिळले होतेस की उसाचं कांडं अडकलं होतं घशात? ऊठ त्या पाटावरून आधी!”

अशोक उठला. टोपी काढली, हातात फिरवली, पुन्हा घातली. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले.

“तुमच्याकडच्या साखर कारखान्यांत,” तो म्हणाला आणि अडकला. श्रीकांत खो खो हसायला लागला, तरी त्याने वाक्य रेटलं. “बाहेरचा इंजिनियर घेतात का?”

“घेतात,” शैला म्हणाली. “पण पाडव्याच्या आत रुजू व्हावं लागतं.”