पुरुषमाणसांनी बाहेर

फुएनसांताच्या आयुष्यात एक वाक्य असं होतं, की ते म्हणताना तिला कधी विचार करावा लागला नव्हता. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात, चर्चच्या मागच्या खोलीत सोलेदाद मातेच्या मूर्तीचे आतले कपडे बदलायची वेळ झाली, की थोरली सेविका म्हणून तिने दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, "पुरुषमाणसांनी बाहेर." पुरुष संत्र्यांच्या अंगणात सिगारेटी ओढायला जात. बायका दार लावून घेत. आतलं उरकलं की मातेला सजवणाऱ्या इल्देफोन्सोला हाक जाई, आणि तो चेहऱ्याभोवतीची लेस टाचण्यांनी चुणून बसवी. आतल्या कपड्यांना पुरुषाचा हात नाही, टाचण्यांना बाईचा नाही. फुएनसांताच्या आईच्या वेळेपासून हे असंच.

यंदा मात्र त्या वाक्याचा तिला विचार पडला होता. कारण माल्वा आली होती.

माल्वा किंतेरो! सिनेमातली. गावाने तिला जन्मताना वेगळ्या नावाने ओळखलं होतं, मुलगा म्हणून. ते नाव आता कुणी मोठ्याने घेत नसे. बासिलिसासारखी एखादी सेविका ओठांतल्या ओठांत घेई. लहानपणी ती इल्देफोन्सोच्या पायाशी बसून त्याला टाचण्या देत असे आणि फुएनसांताचं वाक्य झालं की मान खाली घालून अंगणात जात असे. मिसरूड फुटायच्या वयात ती गाव सोडून गेली. स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँकोचे दिवस होते. तशा माणसांना पोलीस उचलून नेत. बार्सिलोनात म्हणे कुठे नाचते, एवढंच कानावर येई.

फ्रँको गेला आणि दोनएक वर्षांनी, उन्हाळ्यात गच्चीवरच्या उघड्या सिनेमात, फुएनसांताने तिला पडद्यावर पाहिलं. दारूच्या गुत्त्यातली बाई. पुढच्याच दृश्यात तिचा खून. लोक हसत होते, फुएनसांताचा नवरा सगळ्यांत जोरात. फुएनसांता मात्र तिचे ओठ बघत होती. मरण्याआधी ती बाई आपली शाल नीट करत होती आणि टाचण्या ओठांत धरून होती, डोकी आतल्या बाजूला. अगदी इल्देफोन्सोसारख्या. "ही आपली आहे," ती म्हणाली. नवरा म्हणाला, "शेंगदाणे दे इकडे."

नंतर कितीतरी सिनेमांत माल्वा मेली. विष पिऊन, गोळी खाऊन, एकदा तर नुसतीच जिन्यावरून पडून. केस पांढरे व्हायला लागले तेव्हा कुठे एका दिग्दर्शकाने तिला आईचं काम दिलं. त्या कामाला बक्षीस मिळालं, आणि ज्या गावाने तिला घालवलं त्याच गावाने बेकरीच्या काचेवर तिचा फोटो लावला.

आता इल्देफोन्सोचे हात थरथरत होते. गेल्या वर्षी लेस एका बाजूने ओघळली आणि मिरवणुकीत साऱ्या गावाने ते पाहिलं. त्याने माद्रिदला फोन लावला. "पोरी, तू ये. दुसऱ्या कुणाचा हात मी तिच्या चेहऱ्याला लागू देणार नाही."

आणि पोर, साठीला टेकलेली, आली. फुएनसांताच्या स्वयंपाकघरात बसून मधात घोळलेल्या पावाच्या गरम तोरिहास खात होती, तेवढ्यात मातेची मिरवणूक काढणाऱ्या बंधुसंघाचे प्रमुख अनिसेतो आले. मागून बासिलिसा, दुसरी सेविका.

"माझ्या मनात काही नाही," अनिसेतो टोपी हातात फिरवत म्हणाले, "पण रीत ती रीत. सजवणारा पुरुष असतो. माल्वाबाई तर बाई आहेत. ओळखपत्रावरसुद्धा तसंच आहे."

फुएनसांता झाऱ्यासकट वळली. "अनिसेतो, हिच्या मागे शिट्ट्या वाजवत पार तेलाच्या घाण्यापर्यंत जाणारा तूच ना रे? तेव्हा बाई नव्हती वाटतं ही?"

"तेव्हाचं वेगळं."

"आणि मी सांगून ठेवते," बासिलिसा म्हणाली, "हिच्यासमोर मी मातेचा परकर सोडणार नाही. मातेला काही लाज आहे की नाही?"

"म्हणजे टाचण्यांना ती बाई आणि परकराला पुरुष?"

बासिलिसाने जरा विचार केला. "मला त्यातलं काही कळत नाही. पण तसंच."

अनिसेतोंनी घसा खाकरला. "एक करता येईल. फुएनसांता वाक्य म्हणेल, तेव्हा यांनी आमच्याबरोबर अंगणात यायचं. मग इल्देफोन्सोच्या मागोमाग आत. लेस लावायची. कुणी तोंडातून ब्र काढणार नाही. फक्त बाहेर यायचं, बस."

ती दोघं गेल्यावर माल्वा ताटलीतला मध बोटाने ओढत बसली.

"जा की मग," फुएनसांता म्हणाली. "एवढ्यासाठी आलीस. राणी झालीस, मोलकरीण झालीस, मढं झालीस. घटकाभर हेही कर."

"फुएन, तेवढं एकच काम मला कधी जमलं नाही. आणि मी सतरा वर्षं केलं ते." ती हसली, पण नुसत्या ओठांनी. "पण लेसही दुसऱ्या कुणी लावलेली बघवणार नाही मला. तू काय म्हणतेस?"

फुएनसांताने आणखी एक तोरिहा वाढली.

मंगळवारी खोलीत मेणाचा आणि लव्हेंडरचा वास होता. इल्देफोन्सो, अनिसेतो, आणखी दोघं पुरुष, बासिलिसा, माल्वा. सगळे फुएनसांताकडे बघत होते. तिला वाटलं, वाक्य जरा वेगळं म्हणावं. पण वेगळं म्हणजे कसं? दुसरं तिला येतच नव्हतं.

"पुरुषमाणसांनी बाहेर."

इल्देफोन्सो काठी टेकत गेला. बाकीचे गेले. अनिसेतो दारात थांबले, त्यांनी माल्वाकडे पाहून मान हलवली: चला.

माल्वाचं एक पाऊल उचललं गेलं. फुएनसांताने ते पाहिलं. लहानपणची सवय असेल, मान खाली घालून जायची. पाऊल तिथेच परत टेकलं. अनिसेतो वाट पाहून निघून गेले.

बासिलिसा हाताची घडी घालून भिंतीला टेकली. "मी नाही सोडणार."

"नको सोडूस," फुएनसांता म्हणाली, आणि धुतलेला, इस्त्रीचा परकर तिने माल्वाच्या हातावर ठेवला. "धर गं."

काळा झगा उतरला, मग जुना परकर. आणि मातेच्या चेहऱ्याखाली, हातांखाली उभी राहिली नुसती लाकडाची चौकट. चार पट्ट्या, खिळे, एका जागी दोरीने बांधलेलं.

माल्वा बघतच राहिली. "एवढंच?"

"एवढंच."

"यासाठी मला बाहेर काढत होतीस?"

आधी माल्वाला हसू फुटलं, मग फुएनसांताला. हसताना माल्वाचे डोळे वाहायला लागले आणि परकर भिजू नये म्हणून तिने तो उंच धरला. बासिलिसा म्हणाली, "चर्चमध्ये आहात!" पण परकराची एक नाडी तिनेच पुढे होऊन बांधली.

मग इल्देफोन्सोला हाक गेली. तो स्टुलावर चढला, टाचण्या ओठांत धरल्या, पहिली काढली. ती खाली पडली. दुसरीही पडली. तिसरी मातेच्या गालाशी गेली तशी बासिलिसाने डोळे मिटले.

माल्वा दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी होती. बाई म्हणून आत राहिली होती. आता टाचणीला हात लावायचा नाही, हे तीही जाणून होती.

इल्देफोन्सोने तोंडातल्या टाचण्यांतूनच म्हटलं, "माझं मनगट धर."

तिने फुएनसांताकडे पाहिलं. फुएनसांताने मातेकडे पाहिलं तर ती नेहमीसारखी खाली बघत होती. "मनगटाबद्दल रीतीत काही नाही," फुएनसांता शेवटी म्हणाली.

मग चुणीमागून चुणी बसत गेली. टाचणी त्याच्या बोटांत, हात तिच्या हातात. मधेच तो म्हणे, "वर," आणि ती म्हणे, "नाही, तुम्ही शिकवलं होतं तसं," आणि हात तिला हवा तिथे जाई.

शुक्रवारी माता दारातून बाहेर पडली तेव्हा लेस कुठेही ओघळली नव्हती. अनिसेतो फुएनसांताजवळ सरकले. "टाचण्या कुणी लावल्या?"

"इल्देफोन्सोच्या हाताने लागल्या."

"मग ठीक."

ते पुढे गेले. फुएनसांता लेसकडे बघत राहिली. खोटं बोललो का आपण? तिला वाटलं, नाही. खरं बोललो का, तेही तिला सांगता येईना. इल्देफोन्सो काही पुढच्या वर्षी स्टुलावर चढणार नव्हता. रस्त्यापलीकडे माल्वा काळी शाल घेऊन बायकांच्या रांगेत उभी होती, आणि फुएनसांताचे ओठ आपोआप हलत होते, पुढच्या वर्षीच्या मंगळवारचं वाक्य जुळवत. पहिलाच शब्द मिळत नव्हता.